चार फ्लास्क विरले, दोन राहिले

फेरी चारशे बारा

सुलेखाच्या फ्लास्कात काहीही झालं नव्हतं.

हेच वाक्य ती साडेचार वर्षं दर चौथ्या दिवशी वहीत लिहीत आली होती. काम तसं सोपं. हिरव्या, एकपेशीय शेवाळाचा फ्लास्क टेबलावर पाच मिनिटं हलू न देता ठेवायचा आणि तळाशी बसलेले थेंब तेवढे उचलून नव्या पाण्यात सोडायचे. बाकीचं मोरीत. सुट्या पेशी वर पोहत राहतात. एकमेकींना धरून राहिलेल्या जड होतात, लवकर तळ गाठतात. तळ गाठेल ती जगेल, असं शेकडो वेळा करत राहिलं तर कधीतरी पेशी सुटं राहणं सोडतील, त्यांचं मिळून एक अंग होईल. कोट्यवधी वर्षांपूर्वी पृथ्वीवर हे कधीतरी झालंच होतं. आता गारखेड्याच्या पुढच्या एका कॉलेजात, पंचवीस अंशांच्या खोलीत, ते सुलेखाला पुन्हा करून दाखवायचं होतं. प्रबंध द्यायला सहा महिने उरले होते, आणि पेशी तिला भीक घालत नव्हत्या.

शेंद्र्याहून आशाबाईंचा, तिच्या आईचा, फोन यायचा.

"झालं का गं तुझं शेवाळ?"

"नाय अजून."

"आपल्या हौदात तर दोन दिसांत होतंय."

"ते येगळं, आई."

"व्हय, असंल बाई."


फेरी अठ्ठ्याऐंशी (दुसरीची)

अदीबा, त्याच लॅबमधली नवी संशोधक विद्यार्थिनी, वर्षभरापूर्वी आली, हाच प्रयोग करायला. सुलेखानं आपलं शेवाळ सीलबंद नळीतून, कागदपत्रांसकट मागवलं होतं. अदीबानं तिचं हर्सूलच्या तलावातून आणलं, प्यायच्या पाण्याच्या बाटलीत, स्कूटीच्या डिकीत टाकून. त्यातून तिनं सहा फ्लास्क भरले.

सुलेखा दर पंधरा दिवसांनी आपल्या फ्लास्कात अँटिबायोटिक घालायची. तिच्या पाण्यात हिरव्या पेशींखेरीज चिटपाखरू नव्हतं. अदीबाच्या फ्लास्कांवर दुधाळ झाक होती, म्हणजे आत जिवाणू सुखानं नांदत होते. सुलेखानं ते पहिल्याच महिन्यात पाहिलं आणि मनातल्या मनात हसली. पोरीचं काम वाया जाणार. जाऊ दे. शिकेल.

अठ्ठ्याऐंशीव्या फेरीला अदीबाच्या सहाही फ्लास्कांत तळाशी गोळे बसले. खसखशीएवढे, हिरवे, नुसत्या डोळ्यांना दिसणारे. फ्लास्क हलवला तरी ते सुटेनात.

"ताई, देख ना! इकडं ये, देख!"

सुलेखानं पाहिलं. सूक्ष्मदर्शकाखाली तर ते फारच सुंदर होते. नेमकं तेच तिला सोसलं नाही.

गाईड काकासाहेब सरांनी फोटो काढला, अख्ख्या विभागाला बोलावलं, पेढे मागवले. पेढा खाताना सुलेखा म्हणाली, "सर, पण तिचं कल्चर शुद्ध नाहीये."

सर बोटं चाटत म्हणाले, "तुझं आहे ना शुद्ध? मग ते काय करतंय?"

सगळे हसले. अदीबा तेवढी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. सुलेखाला तिचा राग करायला काहीतरी मिळालं असतं.


लिहून खोडलेले मेसेज

अभिनंदन अदीबा, पण एक सांगू का

मोठी म्हणून सांगते, जिवाणू असलेल्या कल्चरवर कुठलंही जर्नल

तुला माहितीये का मी चारशे बारा वेळा

मस्त गं! (हा पाठवला.)


ईद

त्या लॅबमध्ये एक रीत होती. ईदला अदीबाच्या फ्लास्कांची फेरी सुलेखा करायची, दिवाळीत सुलेखाच्या फ्लास्कांची अदीबा. सुट्टी सणाला असते, शेवाळाला नसते.

रमजान ईदच्या सकाळी अदीबाचा फोन आला. "ताई, सहाही करशील ना? शीरखुर्मा आणते उद्या. डबा मोठा आणू की छोटा?"

"मोठा आण."

अकरा वाजता सुलेखानं अदीबाचे सहा फ्लास्क बाहेर काढले. पाच मिनिटं कुठली, गोळे दहा सेकंदांत तळाला बसले. अशा वेगानं आपलं काही खाली बसावं यासाठी तिनं साडेचार वर्षं वाट पाहिली होती. तिनं फेरी नीट केली, एक थेंब इकडचा तिकडं नाही. मग फ्रीज उघडून आपली अँटिबायोटिकची नळी काढली.

तिच्या मनात काय होतं ते तिनंच स्वतःला सांगितलं, आणि तेही छान सांगितलं. आपण तिचं कल्चर स्वच्छ करतोय. गोळे खरे असतील तर टिकतील. न टिकले तर निदान खोटं तरी छापलं जाणार नाही. मोठ्या बहिणीनं आणखी काय करायचं असतं?

पहिल्या फ्लास्कात दोनशे मायक्रोलिटर. दुसऱ्यात तेवढंच. तिसऱ्यात, चौथ्यात. पाचव्याची वेळ आली तेव्हा नळी रिकामी झाली. नवी बनवायला अर्धा तास लागला असता, आणि तेवढ्या वेळात आपण काय करतोय हे तिच्या ध्यानात आलं असतं. तिनं सहाही फ्लास्क रॅकवर ठेवले आणि दिवे जागच्या जागी आहेत ना ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी डबा आला. मोठा. शीरखुर्म्यात चारोळ्या भरपूर होत्या. तिनं तो संपवला.


एक ते चार

चौथ्या दिवशी पुढच्या फेरीला अदीबा रॅकपाशी उभी राहिली आणि एकेक फ्लास्क उजेडात धरून पाहू लागली.

चार फ्लास्कांतले गोळे विरले होते. पाणी स्वच्छ हिरवं, सुट्या पेशींनी भरलेलं, हुबेहूब सुलेखाच्या फ्लास्कांसारखं. पाचव्या आणि सहाव्यात गोळे जसेच्या तसे.

सुलेखाला वाटलं होतं की आपल्याला बरं वाटेल. वाटलंही, साधारण चहाचा एक कप संपेपर्यंत. मग तिच्या आतल्या शिकलेल्या बाईनं मान वर काढली. जिवाणू मेले आणि गोळे सुटले. ज्यांत जिवाणू जिवंत, त्यांत गोळे जिवंत. म्हणजे या पेशी एकमेकींना आपल्या बळावर धरत नव्हत्या, त्यांना धरून ठेवणारे दुसरेच होते. जिला ती साडेचार वर्षं घाण म्हणत आली, तिनंच अंगाची मोट बांधली होती. आणि तीच घाण सुलेखानं स्वतःच्या हातानं, दर पंधरा दिवसांनी, नेमानं मारून टाकली होती.

साऱ्या विभागात कुणाच्याही हाती न लागलेलं उत्तर तिच्याकडं होतं. आणि ते कसं मिळालं हे तिला सांगता येत नव्हतं.

गप्प राहता येत होतं. दोन महिने थांबायचं, मग हाच प्रयोग आपल्या नावावर करायचा आणि म्हणायचं, सहज सुचलं. त्या रविवारी तिनं घरी बसून प्रबंधाच्या त्या प्रकरणाचं पहिलं पानही लिहिलं. चांगलं उतरलं होतं.


सोमवार

सरांच्या बैठकीत शोध सुरू झाला तो पुंजारामपाशी येऊन थांबला. पुंजाराम गेली बावीस वर्षं लॅबची काचभांडी धूत होते. सगळे त्यांना मामा म्हणत.

"मामा, साबण राहिला असणार चार फ्लास्कांत," सर म्हणाले. "दुसरं काय?"

"नाय सर. तीनदा खंगाळतो मी."

"मग काय भूत आलं?"

"आता मी काय सांगू? म्या तर धुतलं." पुंजाराम आपल्या ओल्या बोटांकडं पाहत राहिले.

अदीबा म्हणाली, "सर, मामांना कायकू बोलता? माझंच काहीतरी चुकलं असेल. ते चार फेकते, दोनांपासून परत सुरू करते."

तिनं पहिला फ्लास्क उचलला, मोरीवर नेला, कापसाचा बोळा काढला.

ते पाणी मोरीत गेलं की पुरावा गेला, आणि पुरावा गेला की सुलेखा सुटली. प्रकरणाचं पहिलं पान लिहून तयार होतं.

"फेकू नको," सुलेखा म्हणाली.

"का?"

"मामांचं काही चुकलं नाही. तुझंही नाही." तिचा आवाज तिला परका वाटला. "ईदला मी त्यात अँटिबायोटिक टाकलं."

सरांच्या हातातला पेन तसाच राहिला. पुंजाराम खाली मान घालून बाहेर निघून गेले. अदीबानं फ्लास्क मोरीच्या कडेला ठेवला, फार हळू, जणू त्यात अजून गोळे होते.

"किती?" ती म्हणाली.

"काय?"

"किती टाकलं?"

"दोनशे मायक्रोलिटर. प्रत्येकात."

"वेळ?"

"अकरा. सव्वा अकरा."

अदीबानं मार्कर घेतला आणि चारही फ्लास्कांवर लिहिलं. आकडे स्वच्छ आले.

"आणि या दोनांत का नाही?"

"संपलं."

अदीबा हसली. ते हसणं सुलेखाला पुढं कित्येक दिवस आठवत राहिलं.

"आता परत टाकून बघायचं," अदीबा सरांकडं वळून म्हणाली. "पाचव्याचं गढूळ पाणी गाळून, नुसते जिवाणू. या चारांतलं अँटिबायोटिक आधी धुऊन काढायचं, मग ते यांत टाकायचे. परत गोळे झाले तर पक्कं. पण सर, एवढ्यानं भागायचं नाही. ज्यांनी जन्मात जिवाणू पाहिले नाहीत अशा पेशी पाहिजेत. एकदम शुद्ध."

सुलेखा चार दिवस त्या उत्तरावर बसून होती. उलट टाकून बघायचं तिला सुचलंच नव्हतं. या पोरीला ते चार मिनिटांत सुचलं, तेही रडू आवरता आवरता. सुलेखाच्या पोटात पुन्हा तीच जुनी आग उठली. कबुलीनं ती तसूभरही विझली नव्हती.

"शुद्ध कुणाकडं आहे?" सर म्हणाले. म्हणायची गरज नव्हती.

अदीबानं तिच्याकडं पाहिलं. "मॅडम," ती म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदा ताई नाही, मॅडम. "तुमचे फ्लास्क लागतील."

रॅकच्या वरच्या कप्प्यात ते तीन फ्लास्क होते. चारशेच्या वर फेऱ्या, एकही डाग नाही. त्यांत एक थेंब पडला की सुलेखाची साडेचार वर्षं संपणार होती, किंवा पहिल्यांदाच कशाला तरी लागणार होती. तिनं एक उतरवला, बर्नर पेटवला, बोळ्यावर बोटं ठेवली.

"माझा फ्लास्क मी उघडणार."

"उघडा," अदीबा म्हणाली. "पिपेट मी धरते."