मी काउंटर होणार नाही!

मी एक जुना डोंगा आहे. मित्रांनो, मला नाव म्हणा, होडी म्हणा, तुमच्या शाळेत बोट म्हणत असतील तर तेही म्हणा, मी रागावणार नाही. पण मला कोणी 'काउंटर' म्हटले, तर गाठ माझ्याशी आहे. लाकूड असलो तरी मी भारी आडमुठे लाकूड आहे.

नागपूरपासून दीडेक तासावरच्या एका गावात, तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठाच्या बांधावर, माझा जन्म झाला. देवाजी तिथे मासे धरायचे आणि डोंगे बांधायचे. त्यांचे दोस्त महादेवराव नागपुरातल्या नंदनवन वस्तीत राहायचे, गांधीबागेत कापडाच्या दुकानात नोकरी करायचे. एक दिवस ते देवाजींना म्हणाले, "मले एक डोंगा बनवून दे गा."

"मासे धरतो का आता?"

"नाही. मले नुसतं फिरायचं हाये. बायकोले, पोराले, दोस्तायले घेऊन."

"नुसतं फिराले डोंगा!" देवाजी पोट धरून हसले. पण त्यांनी हसत हसत मला चांगल्या सागवानाचा बांधला. मी जन्मलो तो केवळ मजेसाठी. याची मला तेव्हाही लाज नव्हती, आजही नाही.

मग रविवारमागून रविवार नंदनवनातली माणसे यायची. महादेवराव वल्ही मारायचे. त्यांची बायको प्रयागबाई कोथिंबिरीच्या सांबारवडीचा डबा उघडायच्या. त्यांचा मुलगा रविंद्र काठावरून वाकून पाण्यात हात घालायचा आणि धपाटा खायचा. देवाजींची बायको भीमाबाई शेजारी बसून साऱ्या गावाच्या बातम्या पुरवायची. दुकानातल्या उरलेल्या छिटाच्या कापडाचे छत माझ्यावर ताणलेले असायचे. संत्र्याची साले, पत्त्यांचा डाव आणि रडीचे भांडण, हे सगळे मी पोटात घेऊन तरंगायचो. पुढे रविंद्रची लेक अपेक्षा आली, तीही याच फळ्यांवर रांगली. "काय डोंगा हाये, जी!" असे पाहुणे म्हणत, तेव्हा मी फुगायचो. खोटे कशाला बोलू?

फुगण्यावरून आठवले. महादेवराव मूळचे शेतकऱ्याचे पोर. नंदनवनात बैल बांधायला जागा कुठून असणार? म्हणून पोळ्याला ते माझी पूजा करायचे. नाकाला बेगड, घुंगरांची माळ, पुरणपोळीचा नैवेद्य, सगळे यथासांग. पूजा झाली की ते आणि देवाजी मला पाण्यात ढकलत, पोटात दगड भरत आणि काठालगत चक्क बुडवून टाकत!

प्रयागबाई दरवर्षी चिडायच्या. "काहून बुडवता जी? आत्ताच तर पूजा केली त्याची!"

"बुडवून नाही राहिलो वं. पाणी पाजून राहिलो. पोळ्याले डोंग्याले पाणी पाजा लागते."

महादेवरावांनी याहून जास्त कधी काही सांगितले नाही आणि बायकांनी विचारले नाही. बैलाला पाण्यावर नेतात, तसाच हाही एक रिवाज असेल, असे त्या समजल्या. खरी गोष्ट साधी होती. उन्हाळ्यात माझ्या फळ्या सुकून आकसतात, सांधे उघडे पडतात. चार-आठ दिवस पाण्यात राहिलो की फळ्या फुगतात आणि सांधे घट्ट मिटतात. मग मी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ठणठणीत.

पण देवाजी गेले आणि पाठोपाठ महादेवरावही गेले. रविंद्रने मला टेम्पोत घालून नंदनवनात आणले, पोर्चमध्ये ठेवले आणि तो कामाला लागला. काही वर्षे मी तिथे पडून होतो. नागपूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. माझ्या शेजारीच कूलर होता. त्या पत्र्याच्या डबड्याला रोज बादल्या भरभरून पाणी! आणि जो पाण्यासाठीच जन्मला, त्याच्या पोटात जुन्या वाळ्याच्या ताट्या आणि मोडका स्टूल. मला वाईट वाटले नाही, मित्रांनो. मला राग आला!

यंदा श्रावणात रविंद्रला एकदाची हौस आली. दोस्तांना घेऊन त्याने मला गावच्या तलावावर नेले आणि थेट पाण्यात लोटले. भीमाबाई तेव्हा लेकीकडे गेलेली. माझे सांधे उघडेच होते. पाणी भराभरा आत आले, मंडळींचे बूट भिजले, सगळे ओरडत काठाला लागले.

"सडला हा. खतम," रविंद्र म्हणाला.

सडला? मला तहान लागली होती रे, तहान!

पण माझे कोण ऐकतो? त्याने मला पाळीवर पालथे घातले आणि एका लग्नाच्या लॉनवाल्याशी बोलणी केली. लॉनवाला मला मधोमध कापणार होता. पोटात माणूस उभा करून लग्नात माझ्यावर पाणीपुरी मांडणार होता. काउंटर!

प्रयागबाईंना कळले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "मले अजून एक डाव त्यात बसायचं होतं," त्या म्हणाल्या.

"आई, पाणी येते त्याच्यात. तुले काही झालं तर?" रविंद्र म्हणाला. तो वाईट नाही, मित्रांनो. तो भ्यायला होता.

प्रयागबाई म्हणाल्या, "ठीक हाये. पण पोळा माझ्या हातानं होईन. त्याले उपाशीतापाशी धाडणार नाही मी."

पोळ्याला त्या आल्या. भीमाबाईही परतली होती. दोघी म्हाताऱ्यांनी मला कुंकू लावले, नैवेद्य दाखवला. मग अपेक्षाच्या मदतीने मला सुलटे करून पाण्यात ढकलले आणि प्रयागबाई तिला म्हणाल्या, "चाल, दगड भर."

"आजी, तू त्याले बुडवून राहिली का?"

"पाणी पाजून राहिली. तुझे आबा पाजत होते. काहून, ते मले माहीत नाही."

मी बुडालो. काय सांगू, मित्रांनो! घोट घोट पाणी मी फळीफळीत उतरू दिले. शेवटचे म्हणून नव्हे. बघूनच घेतो एकेकाला, म्हणून प्यायलो.

पुढच्या रविवारी सगळे मला न्यायला आले. लॉनवाला सुताराला घेऊन पाळीवर उभा राहिला, सुताराच्या हातात करवत. अपेक्षाने दगड काढले, आतले पाणी उपसले. मी वर आलो. ती आत उभी राहून पायाखाली बघतच राहिली.

"बाबा, पाणी येऊनच नाही राहिलं!"

रविंद्र गुडघाभर पाण्यात आला. माझ्या सांध्यांवरून त्याने बोट फिरवले, पुन्हा फिरवले. "म्हणून बुडवत होते आबा," तो हळूच म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले.

प्रयागबाई एव्हाना भीमाबाईचा हात धरून आत बसल्याही होत्या. अपेक्षाने वल्हे मारले.

"ओ बाई!" लॉनवाला ओरडला. "आमचं काउंटर!"

"काउंटर तुझ्या घरी असन गा!" प्रयागबाई पाण्यावरून गरजल्या. "हा डोंगा हाये! न्यायचा असन तर पोहत ये!" मग काठाकडे वळून म्हणाल्या, "आणि रविंद्र, तू येतो का तिथंच उभा राहतो?"

रविंद्र बुटांसकट चढला.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरातले काही जुने गळू लागले, तर करवत आणण्याआधी एवढे विचारा: याला शेवटचे पाणी कोणी आणि कधी पाजले होते? आणि आता जरा बाजूला व्हा. रविवार आहे, सांबारवडीचा डबा आत आला आहे आणि मला निघायचे आहे.