शाल-नारळाचं तिकीट

माझ्या बोलण्यातलं निम्मंच खरं असतं असं आमच्या निफाडकडे म्हणतात. कुठलं निम्मं ते कोणी विचारत नाही, म्हणून मीही वाद घालत नाही. ही गोष्ट मात्र सगळी खरी आहे. साक्षीला माझी बायको मालनबाई आहे, आणि तिला खोटं बोलायचा जन्मापासून कंटाळा आहे.

आमची नात वेदिका कबड्डी खेळते. मुलींची पगारी लीग निघाली तेव्हा नाशिकच्या संघानं तिला घेतलं. घेतलं म्हणजे बाकावर बसवलं. सामने संपत आले तरी पोरीचा पाय मॅटला लागला नव्हता. शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"आजी, उद्या सर मला एक चढाई देणार आहेत. एकच. तू ये."

मालनबाईनं गुडघ्यांना तेल चोळलं आणि मला सांगितलं, "अहो, मी जाणार. तिची चढाई माझ्या डोळ्यांनी बघणार."

राखीव खेळाडूंना पास नव्हते, तेव्हा तिकिटं मी काढली. पुढे सोफे होते. एका सोफ्याच्या तिकिटात आमच्याकडे चांगली दुभती शेळी येते, आणि शेळी सामना संपल्यावरही घरी राहते. मी सगळ्यात वरची दोन घेतली. वरून जास्त दिसतं, असा माझा हिशेब.

गंगापूर रोडच्या पलीकडे मोकळ्या जागेत लोखंडी नळ्यांचा मोठा मांडव घातला होता. दारावरच्या माणसानं आमची पाण्याची बाटली काढून घेतली, मग भाकरी-ठेचाही काढून घेतला.

"आत सगळं मिळतं," तो म्हणाला.

मिळत होतं खरं. पाण्याचा भाव ऐकून मी बाटलीवरचं लेबल वाचलं, थेट काशीहून आणलंय की काय म्हणून. मक्याच्या लाह्यांचा पुडा विचारला, तर विकणारा पोरगा म्हणाला, "आजोबा, एवढं काय बघताय?" मी म्हटलं, "भाव कळला बाबा, आता शेत किती एकर आहे तेवढं सांग."

पण त्याआधी दारावरच आणखी एक गोष्ट घडली होती. माझ्या पिशवीत शाल आणि नारळ होता. सामना झाल्यावर वेदिकेचा सत्कार करायचा म्हणून घेतला होता. नारळ बघून दारावरचा माणूस म्हणाला, "हा आत नाही चालणार. फेकून मारता येतो."

"साहेब, सत्काराचा आहे."

त्यानं हात मागे घेतला. नाशिक जिल्ह्यात सत्कार अडवणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

मग आम्ही चढलो. मालनबाई वाटेत तीन ठिकाणी बसली. सगळ्यात वर पोचलो तेव्हा आमच्या पायांखालून एक घार गेली. मांडवाला वरच्या अंगाला कापड नव्हतं, त्यामुळे उत्तरेला पार सटाण्याचा कांद्याचा बाजार दिसत होता. भाव पडलेले होते. माणसांच्या चालण्यावरून कळत होतं. बसायला पत्र्याचं बाकडं, दिवसभर तापलेलं. त्यावर भाकरी भाजून निघाली असती, पण भाकरी दारावर होती.

आणि बरोबर डोळ्यांसमोर मांडवाचा खांब.

"दिसतंय का?" मी विचारलं.

"खांब दिसतोय," मालनबाई म्हणाली. "चांगला हाय. रंग नवा हाय."

"आणि मॅट?"

"मुंग्या खेळत्यात खाली. त्यातली आपली कोणती, तुम्हीच सांगा." जरा वेळानं ती हळू आवाजात म्हणाली, "मी खांब बघायला नाय आले."

चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे फार काही मागितलेलं नाही. मी पिशवीतून शाल काढली, घडी मोडून दोन्ही हातांवर पसरली, वर नारळ ठेवला, आणि म्हटलं, "माझ्यामागं चाल. कोणाकडं बघू नको. कंटाळल्यासारखी दिस."

"ते मला येतं," ती म्हणाली.

दोन्ही हातांवर शाल-नारळ घेऊन चालणाऱ्या माणसाला आपल्याकडे कोणी थांबवत नाही. उलट वाट देतात. पायऱ्यांवरची गर्दी दुभंगली. खाली दोरीपाशी उभ्या असलेल्या पोरानं दोरी सोडली आणि वर विचारलं, "नाना, चहा घेणार का?" आम्ही पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसलो.

तो सोफा काय सांगू. इतका मऊ, की मागच्या सामन्याला बसलेले एक सरपंच त्यात गेले ते अजून सापडायचेत. माझ्या हाताला फक्त त्यांची टोपी लागली. समोर काजूची बशी, गार पाणी, कानाशी पंखा. मालनबाईनं पाय लांब केले, तर अंगठा थेट मॅटच्या कडेला, जिथं मधली रेघ संपते तिथं.

"आता दिसतंय?"

"बाकावर बसलीय. वेणी सैल घातलीय," मालनबाई म्हणाली.

सामना उत्तरार्धात शिरला तेव्हा संयोजक प्रतिभाताई आल्या. कानात यंत्र, हातात यादी.

"नाना, आपला पास?"

"पास लोकांना असतात, ताई. आम्ही सत्काराचे."

"आज सत्कार ठेवलेलाच नाही."

"तीच चूक दुरुस्त करायला आलोय."

"कोणाचा सत्कार?"

वेदिकेचं नाव घेतलं असतं तर आम्ही गेलो असतो वर, आणि पोरगी बिचारी बाकावर बसून लाजली असती. मी म्हटलं, "प्रमुख पाहुण्यांचा."

"ते आत्ता दाराशी पोचलेत. आणि हा सोफा त्यांचा आहे. तुम्ही उठा."

"येऊ द्या की," मालनबाई म्हणाली. "बसतील शेजारी. आम्ही काय चावत नाय."

प्रतिभाताईंनी दोन पोरांना खूण केली. त्याच वेळी समोर वेदिका उठून अंग मोकळं करायला लागली. सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. पोरं आमच्याकडे निघाली, आणि मागून पाहुणे आले. पाण्याचे पंप तयार करणारे मोठे कारखानदार, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत होते.

मी उठलो. कोणाला काही कळायच्या आत शाल भाऊसाहेबांच्या खांद्यावर आणि नारळ त्यांच्या हातात होता. मग मी भाषण केलं. म्हटलं, "यांच्या पंपाची ताकद मी पाहिलीय. आमच्या गावात एकदा चुकून उलटा लावला, तर गोदावरी दोन दिवस त्र्यंबकेश्वराकडे वाहत होती. मासे चक्कर येऊन पडले होते." कॅमेरे धावत आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊसाहेबांचे डोळे ओलावले. त्यांचा असा सत्कार आजवर झाला नसावा.

"बसा, नाना, उभे का?" ते म्हणाले. "ताई, या मंडळींना चहा सांगा."

प्रतिभाताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी चहात साखर मागितली नाही.

भाऊसाहेब आमच्या दोघांच्या मधे बसले. मांडीवर नारळ असल्यामुळे त्यांना पुढे टाळ्या वाजवता आल्या नाहीत. मालनबाई त्यांच्या पाठीमागून कुजबुजली, "ती शाल पोरीची होती."

"शाल दुसरी घेऊ. चढाई दुसरी नाय मिळायची."

तेवढ्यात वेदिका मॅटवर आली. संघ एका गुणानं मागे होता. पोरगी गेली ती सरळ कोपऱ्यातल्या मुलीच्या अंगावर. तिला शिवली, वळली, आणि घोट्याला पकड बसली. पडली. वर तिघी कोसळल्या. वेदिका हातांवर सरपटत मधल्या रेघेकडे निघाली, म्हणजे आमच्याकडे. त्या तिघी तिच्यासोबत ओढल्या गेल्या, त्यांच्यामागं मॅट, आणि मॅटच्या ओढीनं आमचा सोफाही वीतभर पुढे सरकला. भाऊसाहेबांना विचारा, त्यांना झटका बसला होता.

तिनं हात लांब केला. पंच गुडघ्यावर बसून रेघ बघत होते. मग शिट्टी झाली आणि सगळे गुण आपल्याला. वरच्या पत्र्यांवर लोक असे नाचले, की मांडव जमिनीवरून उचलला गेला असता. नळ्या घट्ट होत्या म्हणून वाचला.

सामना संपल्यावर वेदिका धापा टाकत रेघेच्या टोकाशी आली. अंगभर माती नाही, कारण मॅटवर माती नसते, पण घाम होता आणि कोपर सोललं होतं.

"आजी, दिसलं का तुला? नीट?"

मालनबाईनं तिचा हात हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला.

"दिसलं. नख वाढलंय तुझं. कापत जा."

वेदिका बोटाकडे बघत राहिली. "आजी, रेघेपलीकडे तेवढंच गेलं होतं."

मालनबाईनं जरा विचार केला.

"मग उद्या काप," ती म्हणाली.