सोमवारचा लाल किल्ला

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. बसायचं असेल तर बसा, पण आधी पाय झटका. तुमच्यासारखे पुष्कळ आले, बसले, चहा सांडून उठून गेले. मला आता कोणाचं कौतुक राहिलेलं नाही.

माझा जन्म तुरुंगात झाला. मला विणणारा माणूस कोणत्या गुन्ह्यासाठी आत आला होता ते मला ठाऊक नाही, पण त्याचा राग जबर होता. धागा दाबून बसवायचा लोखंडी पंजा तो असा आपटायचा, की शेजारच्या मागावरचे कैदी दचकायचे. म्हणून माझी वीण घट्ट आहे आणि स्वभाव वाकडा. लाल आणि निळे पट्टे, दोन्ही टोकांना धाग्यांच्या दशा. नवी होते तेव्हा मी देखणी होते, असं लोक म्हणायचे. आता म्हणत नाहीत.

शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावाने मला महादेवाच्या देवळातल्या भजनी मंडळासाठी विकत घेतलं. पहिली काही वर्षं मला फक्त भजनाला अंथरायचे आणि लोक चपला लांब काढून यायचे. मग एकाने साखरपुड्याला नेलं, दुसऱ्याने तेराव्याला, तिसऱ्याने प्रचारसभेला. नेताना सगळे गोड बोलतात. ज्याच्या घरचं कार्य शेवटचं, त्याने मला धुवायचं, असा गावाचा ठराव आहे. शेवटचा कोण, यावर मात्र अजून एकमत झालेलं नाही.

मित्रांनो, माणूस समोरून वेगळा दिसतो आणि खालून वेगळा. मी खालून ओळखते. संगप्पा नावाचा म्हातारा बसला की माझ्यावर तंबाखू सांडतो आणि हळूच पायाने सारवून टाकतो. आप्पासाहेब हा गावातला मानाचा शेतकरी. गाव त्याला अहोजाहो करतं, मी करणार नाही. तो खोटं बोलायला लागला की बोटांनी माझ्या दशा उपटतो. त्याच्या ठरलेल्या जागेपाशी माझं टोक पार बोडकं झालं आहे, यावरून काय ते समजा.

आप्पासाहेबाचा धाकटा मुलगा हरिओम पाळण्यात होता, तेव्हाची गोष्ट. गावातल्या काही लिंगायत शेतकऱ्यांनी दिल्लीला जायचं ठरवलं. लाल किल्ला बघायचा. जिथे पंधरा ऑगस्टला झेंडा लागतो, तो किल्ला. आप्पासाहेबाची बायको कस्तुराबाई तेव्हा म्हणाली होती की मलाही न्या. पाळणा कोण हलवणार, असं म्हणून तिला मागे ठेवलं आणि मला बरोबर घेतलं. गाडीत अंथरायला, फलाटावर पसरायला.

बेत आप्पासाहेबाने आखला. आमच्या भागात सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. तो महादेवाचा वार, नंदीच्या विसाव्याचा वार. शेत बंद म्हणून माणूस मोकळा, त्यामुळे सोयरीक बघायची ती सोमवारी, तालुक्याला जायचं ते सोमवारी. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलेलं. म्हणून लाल किल्लाही सोमवारीच बघायचा ठरला. दिल्लीला आपल्या बैलांशी देणंघेणं नाही, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

रविवारी रात्री आम्ही पोचलो. सोमवारी सकाळी स्वच्छ धोतरं नेसून, कपाळाला भस्म लावून मंडळी किल्ल्यापाशी गेली, तर दार बंद. लाल किल्ला सोमवारी बंद असतो. परतीची गाडी मंगळवारी पहाटेची होती. मग काय करणार, बाहेरच्या लोखंडी कठड्याजवळ मला अंथरून सगळ्यांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. समोरच्या महादेवाच्या देवळात जाऊन आले. पहारेकऱ्याने इथून उठा म्हणून सांगितलं, तेव्हा आप्पासाहेबाने रागारागाने मला ओढलं. माझा कोपरा कठड्यात अडकला आणि टरकन फाटला. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

गावात परतल्यावर लोक देवळापाशी जमले. कसा आहे लाल किल्ला? सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. एवढ्या लांब जाऊन दार बघून आलो, हे सांगायची कोणाची छाती होईना. झाकली मूठ सव्वा लाखाची. तेवढ्यात माझ्या दशांना हिसका बसला आणि आप्पासाहेब सांगू लागला. संगमरवरी महाल, मधून वाहणारं पाणी, बादशहाची बसायची जागा. अगदी तिच्यासमोर सतरंजी टाकून दशम्या खाल्ल्या म्हणे. सतरंजी फाटली ती बादशहाच्या कठड्यात अडकून. आणि आत सगळीकडे गुलाबाचा वास!

बाकीचे माना डोलवत राहिले. संगप्पाही त्यांतलाच.

मित्रांनो, मला फाडलं याचा राग मी एक वेळ गिळला असता. पण माझ्या फाटक्या कोपऱ्याला त्याने साक्षीदार केलं, हे मी विसरले नाही. येणारा-जाणारा त्या कोपऱ्याला हात लावून म्हणायचा, बघा, बादशहाच्या दारात फाटली. कस्तुराबाईने तो कोपरा हिरव्या दोऱ्याने शिवला. शिवताना तिने विचारलं, वास खरंच गुलाबाचा का? आप्पासाहेब म्हणाला, हाव. तेव्हापासून ती त्याला पुन्हा पुन्हा सांगायला लावायची आणि तो दर वेळी एखादा महाल वाढवायचा. दर पंधरा ऑगस्टला त्याला शाळेत लाल किल्ल्यावर बोलायला बोलावू लागले. मुलं माझ्यावर बसून तोंड उघडं टाकून ऐकायची. माझं टोक दर वर्षी थोडं थोडं बोडकं होत गेलं. बरोबरची माणसं एकेक करून गेली. उरला तो संगप्पा, आणि त्याच्या तोंडात कायम तंबाखू.

यंदा तुरी निघाल्यावर हरिओमने पुन्हा दिल्लीचा बेत काढला. तो आता लातूरला डाळ मिलमध्ये कामाला आहे. आईचे गुडघे धरत चालले आहेत, पुढच्या वर्षी तिला पायऱ्या चढवतील की नाही ते सांगता येत नाही, म्हणून या वर्षीच जायचं, असं त्याने ठरवलं. कस्तुराबाई खुशीत होती. तिने दुसरं काही मागितलं नव्हतं. तिला एकदा त्या किल्ल्याच्या आत जाऊन उभं राहायचं होतं.

संध्याकाळच्या आरतीनंतर देवळात बैठक बसली. चार घरची माणसं जाणार होती. हरिओमने सांगितलं, आप्पांनी केलं तसंच करू. रविवारी पोचायचं, सोमवारी किल्ला, मंगळवारी पहाटे परत. आता गावात बैल औषधाला उरलेला नाही, सगळ्यांच्या दारात ट्रॅक्टर आहेत. पण तेसुद्धा सोमवारी शेडबाहेर निघत नाहीत. तेव्हा वाराबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

काढला तो उज्वलाने. ही हरिओमची बायको, लग्न होऊन वर्षही झालेलं नाही. खांबाजवळ बायकांत बसली होती. हातातला मोबाईल बघत ती म्हणाली, "सोमवारी बंद असतंय म्हणून लिवलंय हितं."

मी सुटकेचा श्वास टाकला असता, पण मला श्वास नाही. सगळ्या माना आप्पासाहेबाकडे वळल्या. संगप्पाचा अंगठा माझ्या शिवलेल्या कोपऱ्यात रुतला. आप्पासाहेबाचा हात माझ्या टोकाशी आला, दोन धागे त्याने उपटले आणि म्हणाला, "मी सोमवारीच आत गेलतो. मोबाईल खरा का मी खरा?"

उज्वला म्हणाली की सरकारच्याच पानावर आहे. त्यावर हरिओम भर बैठकीत तिच्यावर खेकसला, काल आलेली पोरगी, आप्पाला शिकवायलीस का. बाकीचे हसले. मोबाईल नव्हते तेव्हाच माणसं शहाणी होती, असंही एकाने ऐकवलं. उज्वलाने मोबाईल बंद केला आणि पुन्हा वर बघितलं नाही. कस्तुराबाई मात्र नवऱ्याकडे बघत राहिली. आणि मी? एवढं घट्ट विणूनही त्या कैद्याने मला तोंड दिलं नाही, म्हणून त्या दिवशी मी त्यालाही शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी मला धुवायला काढलं. प्रवासाला न्यायची म्हणून, नाहीतर कशाला काढतील! उज्वलाने हौदाजवळच्या फरशीवर मला पसरलं आणि खराट्याने असं बदडलं की वर्षावर्षांचा गाळ निघाला. तिचा राग कोणावर होता ते कळत होतं. मला मात्र बरं वाटलं. घासून काढणारी माणसं मला आवडतात.

मी वाळल्यावर कस्तुराबाई सुईदोरा घेऊन कोपऱ्याशी बसली. हिरवा दोरा कुजला होता. तिने हळू आवाजात सुनेला विचारलं, "तू खोटं बोलली न्हाईस ना, उजे?"

"न्हाई, आत्याबाई," उज्वला म्हणाली. "मी कशाला खोटं बोलू? मला कुटं भाषण करायचंय?"

कस्तुराबाईने जुना दोरा उसवून काढला आणि सुई तशीच पदराला टोचून ठेवली. कोपरा उघडाच राहिला.

त्या संध्याकाळी तिकिटं पक्की करायची होती. पुन्हा देवळात बैठक. हरिओम मोबाईलवर वार टाकणार, एवढ्यात बायकांतून कस्तुराबाई उठली. गुडघ्यावर हात देत, खांब धरत ती पुरुषांच्या बाजूला आली आणि आप्पासाहेबासमोर माझ्यावर बसली. एवढ्या वर्षांत बैठकीत ती कधी बोलली नव्हती.

"माजे गुडघे एकदाच चालतेल," ती म्हणाली. "सोमवारी दार उगडं असतंय का बंद, एवढंच सांगा. बाकीचं कायबी इचारणार न्हाई मी."

मित्रांनो, तिने त्याला वाट करून दिली होती. बंद असतं, असं म्हणून तो सुटला असता. पण त्याआधी त्याचा हात सवयीने माझ्या टोकाकडे गेला. बोटं चाचपत राहिली. इकडे नाही, तिकडे नाही. उपटायला एक धागा उरला नव्हता. उज्वलाच्या खराट्याने उरलीसुरली दशाही नेली होती. मग त्याने तळहात माझ्यावर सपाट टेकवला. घामाने ओला होता.

"बंद असतंय," तो म्हणाला. मग आपणहून पुढे म्हणाला, "बंदच होतं. आमी आत गेलोच न्हाई."

"हाव," संगप्पा म्हणाला. तोंडात धरलेलं एवढ्या वर्षांनी थुंकून टाकावं, तसं म्हणाला.

देवळातले सगळे बोलायला लागले ते थांबेनात. शाळेतल्या भाषणांचं काय? आमच्या पोरांना काय काय पाठ करायला लावलं! सुनेला काल खोटं पाडलं ते? कोणी दया दाखवली नाही. खरं सांगते, मलाही आली नाही. हरिओम तेवढा मान खाली घालून बसला होता.

कस्तुराबाईने सगळ्यांना हाताने गप्प केलं. "आन गुलाबाचा वास?"

"समोर महादेवाच्या देवळापाशी फुलवाली बसली होती," आप्पासाहेब म्हणाला. "तिच्या टोपलीचा."

कस्तुराबाईला हसू आलं की रडू, मला खालून कळलं नाही. आप्पासाहेब उठायला लागला. तुमी जाऊन या, मी काय येत न्हाई, असं काहीतरी पुटपुटला.

"बसा खाली," ती म्हणाली. "तुमी बी कुटं बगितलाय अजून."

तो बसला. कधी नव्हे इतका जड बसला. आयुष्यात त्याने कोणाची माफी मागितलेली नव्हती, आणि ती त्याला आताही जमली नाही. त्याने खांबाजवळ बसलेल्या सुनेकडे न बघता फक्त एवढंच म्हटलं, "उजे, वार तू धर."

उज्वलाचा राग गेला नव्हता, आणि का जावा? तिनेही त्याच्याकडे न बघता सांगितलं, "मंगळवार." हरिओमने मुकाट्याने तोच वार टाकला.

उद्या आम्ही निघणार आहोत. मला जाड सुतळीने बांधून बॅगांशेजारी ठेवणार आहेत. माझा कोपरा कस्तुराबाईने काल पुन्हा शिवला, या वेळी लाल दोऱ्याने. आता कोणी विचारलं तर ती सांगते, दाराबाहेरच्या कठड्यात फाटली. आप्पासाहेब जवळ असला तरी सांगते. मी त्याला माफ केलेलं नाही. मंगळवारी तो आत जाऊन काय बघतो आणि परत येऊन काय सांगतो, ते ऐकून मग ठरवीन.

मित्रांनो, मला जीव लावा असं मी म्हणणार नाही. अधूनमधून झटका, ऊन दाखवा आणि चहा जपून प्या, एवढं पुरे. पण एक सांगते. दार बंद होतं तर बंद होतं म्हणून सांगत जा. तुमच्या मागून कोणीतरी दुखरे गुडघे घेऊन त्याच दारापाशी जाणार असतं.

झालं माझं. आता उठा माझ्यावरून, मला बांधायचं आहे.