आधी दार लावा

मित्रांनो, मी एक जुना सिग्नलमापक आहे. विटेएवढा काळा डबा, डोक्यावर आखूड अँटेना आणि गळ्यात अडकवायला पट्टा, असा माझा अवतार! पण मला जे सांगायचे आहे ते आठवले, की अजूनही माझ्या अंगात उत्साह सळसळतो.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे स्पंजच्या भिंती असलेल्या बंद खोलीत माझी परीक्षा झाली आणि मी पैकीच्या पैकी गुण मिळवले! मग मी मामांकडे आलो. मामा इमारतींमध्ये वायफायचे जाळे आखणारे इंजिनिअर. सगळे त्यांना मामाच म्हणत. त्यांच्या गळ्यात बसून मी कितीतरी तळघरे, जिने आणि गच्च्या पालथ्या घातल्या. दहा पावले चालायचे, थांबायचे, माझा आकडा वहीत लिहायचा, ही त्यांची पद्धत. "याचा शब्द म्हणजे शब्द," असे ते चारचौघांत सांगत तेव्हा मला आभाळ ठेंगणे होई.

मग त्यांची सख्खी भाची कामाला लागली. भलतीच हुशार! इमारतीचा आराखडा दिला की तिचा संगणक सिग्नलचा रंगीत नकाशा काढून मोकळा. माझी रवानगी कपाटात, वायरींच्या गुंत्यात झाली. दोन वर्षे मला कुणी विचारले नाही. मी फार खट्टू झालो.

अशात लहान मुलांच्या इस्पितळाचे काम आले. बाळाचा श्वास मंदावला, की पाळण्याजवळचे यंत्र वायफायवरून थेट नर्सच्या खिशातला फोन वाजवणार होते. तो वाजला नाही तर? कल्पनाही करवत नव्हती! काम संपत आले आणि पहिले बाळ दुसऱ्याच दिवशी येणार होते.

"मामा, बघ, सगळं हिरवंगार! मी स्वतः फिरूनही आलेय," भाची म्हणाली.

"तरी सहीआधी एकदा चालूया," म्हणत मामांनी मला बाहेर काढले. काय सांगू माझा आनंद!

शेवटच्या खोलीत माझा हिरवा दिवा झळकला. भाची हसली. तेवढ्यात मोठ्या नर्सबाई तरातरा आल्या.

"दाराला खुर्ची कुणी लावली? हे कायम बंद असतं हो, आत जंतू नकोत!"

त्यांनी खुर्ची ओढली आणि जाडजूड पोलादी दार लागले. त्याबरोबर माझा आकडा कोसळला आणि तांबडा दिवा पेटला!

भाचीचा चेहरा उतरला. "खुर्ची मीच लावली होती. ये-जा सोपी व्हावी म्हणून. आणि नकाशात मी हे दार लाकडी धरलंय."

"बरं झालं, आज कळलं," मामा एवढेच म्हणाले. "शिडी आण."

खोलीच्या आत एक नवा वायफायचा डबा बसला. नर्सबाई खिशात फोन घेऊन बाहेर व्हरांड्याच्या दूरच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. दार लागले. भाचीने श्वास रोखून यंत्राचे बटण दाबले.

"वाजला! अहो, वाजला!" नर्सबाई ओरडतच धावत आल्या. भाचीने मला घट्ट छातीशी धरले.

आता मी तिच्या टेबलावर असतो. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना कपाटात कुजवू नका, आमची बॅटरी भरत जा. पण एक कबूल करतो. दार उघडे होते तेव्हा मीही हिरवाच दिवा दाखवला होता. मी खोटे बोलत नाही, पण तुम्ही दाखवाल तेवढेच मला दिसते. म्हणून मला गळ्यात घालाल तेव्हा आधी दार लावा. आत कुणाचे तरी बाळ असते.