नळ्यांची दुसरी जोडी

शुक्रवारी सकाळी सव्वाआठ वाजता फाउस्तो बेल्लेरीने आपल्या कारखान्यातल्या बाकावर फडकं पसरलं आणि त्यावर बंदुकीच्या नळ्यांची एक जोडी ठेवली. त्याच्या बहिणीने, एर्मिनियाने, त्याच फडक्यावर शेजारी दुसरी जोडी आणून ठेवली. ज्याच्या शिक्क्याशिवाय इटलीत बंदूक वापरता येत नाही, ते गार्दोनेचं चाचणीगृह त्या दिवशी बारा वाजता बंद होणार होतं आणि उघडणार होतं ते ऑगस्ट सरत आल्यावर.

“ही काय भानगड?” फाउस्तोने विचारलं.

“नळ्या आहेत. चष्मा कपाळावरून खाली घे, म्हणजे दिसतील.”

दोघांच्या मध्ये इलेनिया कोतेल्ली उभी होती. हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या टिपणारी ही अठ्ठावीस वर्षांची नेमबाज राष्ट्रीय संघाच्या निवडीत दोनदा चौथी आली होती. संघात घेतात तिघींना. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा निवड होती आणि या खेपेला जमलं नाही तर यापुढे बोलावणं येणार नाही, असं प्रशिक्षकाने तोंडावर सांगितलं होतं. तिच्या खांद्याच्या आणि गालाच्या मापाने घडवलेली बंदूक बाकावर तयार होती. तिला नळ्या कुठल्या लावायच्या, एवढंच राहिलं होतं. आणि आत्तापर्यंत इलेनियाला वाटत होतं की तेही ठरलेलं आहे.

फाउस्तोच्या नळ्या चाचणीगृहातून शिक्के घेऊन आल्या होत्या. निर्वात भट्टीत दुसऱ्यांदा वितळवून शुद्ध केलेलं ते पोलाद इतकं चिवट होतं, की नळी पातळ ठेवली तरी स्फोटाचा दाब सहज सोसायची. दोन हिवाळे खपून त्याने ती जोडी केली होती. एर्मिनियाची जोडी साध्या क्रोम-मॉलिब्डेनमच्या पोलादाची होती, गार्दोनेच्या खोऱ्यातल्या निम्म्या बंदुकांत असतं तसल्या. त्याला जाडी लागते. ती जोडी दीडशे ग्रॅम जास्त भरत होती.

“पोरीचे हात दुखतात म्हणून मी हलकी केली,” फाउस्तो म्हणाला. “उजवीकडे जाणाऱ्या तबकड्या तिच्या का सुटतात? हात थकतो, बंदूक मागे राहते. चाळीस वर्षं बायकांच्या बंदुका मी हलक्याच केल्यात.”

“त्यातल्या किती जिंकल्या?”

“एक जिंकली की! बोव्हेन्यो गावची.”

“ती नवऱ्याची बंदूक घेऊन गेली होती.”

इलेनियाला हसू आवरेना. फाउस्तोने तिच्याकडे असं पाहिलं, की ती पटकन बंदुकीकडे वळली. लहानपणापासून ती त्याला काका म्हणत आली होती. त्याने स्वतःहून हे महागडं पोलाद मागवलं, तेव्हा तिच्या आईने त्याच्या घरी तीन दिवस पुरेल इतकं जेवण पाठवलं होतं. त्याच्या नळ्यांना नको म्हणायचं कसं?

“म्हणू नको काहीच,” एर्मिनिया म्हणाली. तिने पातळ नळ्या बंदुकीला लावल्या, कुठूनशी पेन्सिलीएवढी विजेरी काढली आणि एका नळीच्या तोंडात घट्ट बसवली. “खिडकी लाव. भिंत आणि छत जिथं मिळतं, त्या रेषेवरून उजेडाचा ठिपका ने. मधेच चाप ओढ. बाकी भिंतच सांगेल.”

फाउस्तोने दोन्ही नळ्यांत रिकामी काडतुसं आहेत ना, हे स्वतः पाहिलं. इलेनियाने बंदूक खांद्याला लावली, तबकडी सोडायला देतात तसा आवाज दिला आणि कमरेतून वळली. ठिपका रेषेवरून झपाट्याने निघाला, खिडकीच्या वर पोचला. तिने चाप ओढला. ठिपका थबकला. अगदी क्षणभर, मग पुन्हा धावला.

“परत,” फाउस्तो म्हणाला.

ठिपका परत त्याच जागी थबकला. दोन वर्षं इलेनिया जे शोधत होती, ते समोर भिंतीवर पिवळ्या उजेडात दिसत होतं. हात थकत नव्हता. सकाळी सव्वाआठला कसला थकतोय! चाप ओढताना ती थांबत होती, आणि हलकी नळी तिच्याबरोबर निमूट थांबत होती.

“आता ती लावा,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता.

जाड नळ्या अजून नीट बसत नव्हत्या. नळ्या ज्यात अडकतात त्या सांगाड्यात त्या फुगलेल्या दारासारख्या अडत होत्या. एर्मिनियाने विजेरी जाड नळीत बसवली आणि गुडघ्याचा जोर लावून, मधोमध दुमडून उघडणारी ती बंदूक मिटवली. इलेनिया वळली. ठिपका निघाला, तिने चाप ओढला, आणि ठिपका तसाच पुढे गेला. कपाटावरून, कॅलेंडरवरून, पार दाराच्या चौकटीपर्यंत.

“गेला!” ती ओरडली. “काका, पाहिलंत? मी थांबले तरी तो गेला!”

“टोकाला वजन चिकटवू,” फाउस्तो घाईने म्हणाला. “माझ्याच नळ्यांना. पट्टी मिळते.”

“जुन्या बंदुकीवर चिकटवून पाहिलंय. गळाला मासा लागल्यासारखं टोक खाली जातं. इथं वजन सगळ्या लांबीत आहे, काका. कुठंच ओढत नाही.”

फाउस्तोने जाड नळीतली विजेरी काढून घेतली. त्याने पातळ नळ्या पुन्हा लावल्या, बंदूक स्वतःच्या खांद्याला घेतली आणि वळला. खिडकीच्या वर ठिपका थबकला. त्याने बंदूक खाली केली, भिंतीकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

“अगं, माझाही थांबतो की!” असं म्हणून तो इतक्या मोठ्याने हसला, की इलेनियाला आधी कळेना, हा रडतोय की काय.

पण हसून भागणार नव्हतं. जाड नळ्या नीट बसवायच्या तर सांगाडाच आतून घासावा लागणार होता. एकदा घासला, की त्यात पातळ नळ्या खुळखुळणार आणि त्यांच्यावरचे शिक्के वाया जाणार. जाड नळ्या चाचणीत नापास झाल्या, तर सप्टेंबरला इलेनियाच्या हातात तीच जुनी बंदूक, जिच्यावर ती दोनदा चौथी आली होती. घरी नेण्याजोगी, शिक्क्याची बंदूक आत्ता या क्षणी बाकावर होती.

“नीट विचार कर,” एर्मिनिया म्हणाली. “दोन नळ्या जोडणारा डाख मी एकटीने दिलाय, तोही संध्याकाळच्या उजेडात. हमी देत नाही.”

“जाड,” इलेनिया म्हणाली.

एर्मिनियाने कानस उचलली. फाउस्तोने ती तिच्या हातातून काढून घेतली.

“तुझ्या हाती दिली तर सांगाड्याला खिडकी पाडशील. तू दिवा धर.”

मग तिघंही कामाला लागली. एर्मिनिया दिव्याची काजळी नळ्यांच्या बुडाला धरायची, फाउस्तो बंदूक मिटवून उघडायचा, काजळीचा डाग जिथं उमटेल तिथं कानस फिरवायचा, की पुन्हा काजळी. इलेनिया पुसायला होती. पहिल्या घासणीलाच पातळ जोडीचा प्रश्न मिटला, हे तिघांनाही कळलं. कुणी तिकडे पाहिलं नाही. अकरा वाजून गेल्यावर बंदूक एका बोटाने मिटली आणि कडीसारखा टक् आवाज झाला. फाउस्तोने ती तीनदा उघडून मिटवली. पहिली खेप कामाची, बाकीच्या दोन मजेच्या.

तीनचाकी टेम्पोत पुढे दोघंच मावत होते. इलेनिया मागे उघड्यावर, बंदुकीची पेटी मांडीवर घेऊन बसली. मेल्ला नदीच्या पुलावर फाउस्तोने एका बसला हूल दिली आणि एर्मिनियाने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मागे इलेनिया खदखदून हसत होती.

चाचणीगृहाच्या खिडकीत अमादेओ नावाचा कारकून कोट चढवून उभा होता.

“तुम्हा बेल्लेरींना वर्षाचे बाकीचे दिवस दिसत नाहीत का?”

“दहा मिनिटं आहेत अजून,” एर्मिनिया म्हणाली. “तू समुद्रावर जाणार, समुद्र कुठं जात नाही.”

“नापास झाली तर माझ्या नावाने खडे फोडू नका.” त्याने कोट काढला आणि पेटी आत तपासनिसाकडे नेली.

तिघं भिंतीपाशी उभी राहिली. नेहमीच्यापेक्षा दांडग्या काडतुसांचा पहिला बार झाला, तो पायांत जाणवला. दुसरा झाला. मग बराच वेळ गेला. नळी बदलत असतील, फाउस्तो म्हणाला. तिसरा. चौथा. इलेनियाने दोघांचे हात इतके घट्ट धरले होते, की एर्मिनियाने आपला सोडवून घेतला.

“प्रत्येक नळीचे दोन, चारही झाले,” इलेनिया म्हणाली. “झाले ना? फुटली असती तर कळलं असतं ना?”

“फुटायची नाही ती,” फाउस्तो म्हणाला. “आता मापतील. केसभर फुगवटा दिसला, डाख कुठं सुटला, तरी शिक्का नाही.”

बारा वाजले. बाकीच्या खिडक्यांची दारं खाली आली. आतल्या बोळातून मापाची पेटी घेतलेला दुसरा तपासनीस, बार झाले त्याच खोलीत शिरताना दिसला.

“दुसरा कशाला?” इलेनियाने विचारलं.

“जेवायला चल म्हणायला,” एर्मिनिया म्हणाली. पण मापात शंका आली तरच दुसरा बोलावतात, हे तिला ठाऊक होतं; ती बसली नाही.

साडेबारा झाले तरी खोलीतला दिवा जळतच होता आणि दार उघडलं नव्हतं.