नळीत दिसलं ते पाणी नव्हतं

मी काचेची नळी बोलतेय. हातभर लांब, बोटाएवढी जाड. बॉयलरच्या तोंडाशी उभी राहून आत पाणी किती आहे ते दाखवायचं, एवढंच माझं काम. आणि एवढंसुद्धा ज्यांना नीट बघता येत नाही अशा माणसांत माझं आयुष्य गेलं.

माझा जन्म विलायतेत झाला. भुश्शात गुंडाळून आगबोटीनं मुंबईला आले आणि पुढे धक्के खात बैलगाडीनं अकोल्याला. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली होती, म्हणून इकडे वऱ्हाडच्या कापसाला तेजी आली होती. त्या तेजीत ज्यांची डोकी फिरली, त्यांतले एक खुशालराव. काळी जमीन भरपूर, फेटा जमिनीहून मोठा. त्यांनी कापसाच्या गाठी दाबायचा वाफेवरचा प्रेस मांडला. वाफ कशी चालते हे मात्र कोणाला विचारलं नाही. विचारणं त्यांच्या घराण्यात नव्हतं.

बॉयलरला पाणी हवं. नदीपलीकडे गोड्या पाण्याची विहीर होती, पण ती दुसऱ्याची. म्हणून यांनी आवारातच स्वतःची खणली आणि पाणी लागताच गावजेवण घातलं. पाणी निघालं खारट. पण जेवण जेवून झाल्यावर खारट म्हणणार कोण? पाहुणे निमूटपणे प्यायले आणि वर गोड आहे म्हणाले.

बोलला तो एकटा सूर्यभान. तो भट्टी सांभाळायचा. दर्यापूरकडचा असल्यानं खाऱ्या पाण्यातच वाढलेला.

“मालक, या पान्यात तुरीची दाय शिजत नाई,” तो म्हणाला. “वाफ होऊन पानी जाते, खार आतच राह्यते. रोज थोडं पानी खालून सोडून द्या लागते, नाईतर उतू जाईन.”

“तापवलेलं पानी सांडून राह्यला का तू? लाकडं का तुह्या बापानं आनले? अन् माह्या विहिरीले खारी म्हनून राह्यला?”

मग थेंबही सुटला नाही. आतलं पाणी दिवसेंदिवस दाट होत गेलं. माझ्यात पाण्याची रेघ स्थिर राहीना, फेस वरखाली नाचू लागला. गड्यांनी वाफेची चावी एकदम उघडली की वाफ भसकन ओढली जायची आणि तिच्याबरोबर पाणीही. वाफ दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. प्रेस चालवणाऱ्या इंजिनाच्या पोटात ते शिरलं की ठक, ठक असा आवाज यायचा.

खुशालरावांना आवाज एकच ओळखीचा, बैलगाडीच्या कोरड्या आसाचा. “याले वंगन नाई,” ते म्हणाले. आणि तेल घालायचं ते थेट बॉयलरात, म्हणजे वाफच तेलकट होऊन सगळीकडे पोचेल. एवढी अक्कल चालवून त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

जवसाचं तेल ओतलं, दोन घागरी. खारं पाणी, तेल आणि खाली जाळ. आत साबणच झाला म्हणा ना. त्या दिवशी सूर्यभानची बायको पार्बताबाई भाकरी घेऊन आली होती. तिनं मला एकदा पाहिलं आणि तिला कळलं.

“हे पानी नोहे, फेस हाये. भाताचं भांडं उतू जाते तसं होऊन राह्यलं. तुमी हटा तिथून.”

“मालक उभे हायेत. हटलो तं काम जाईन.”

मी वरपर्यंत पांढरी भरले. ते पाहून खुशालराव खूश झाले. “नळी कशी काठोकाठ भरली, पाहा. सोडा जोरात.” चावी उघडली. पाणी शेजारच्या इंजिनात घुसलं, इंजिनाचं झाकण फुटलं आणि उसळलेल्या उकळत्या पाण्यानं सूर्यभानचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत भाजून निघाला.

दोष कोणाचा ते ठरवायला मुंबईहून गोरा मिस्त्री येणार होता. सूर्यभानचा ठरला, तर काम आणि आवारातली खोली दोन्ही जाणार होती. वर्षभर थेंब सोडू न देणाऱ्या खुशालरावांनी तो यायच्या आदल्या दिवशी बॉयलर पार रिकामा केला, घासून घेतला आणि नदीपलीकडचं गोडं पाणी पखालींनी आणून भरलं.

मिस्त्रीनं पाणी चाखलं, मला निरखलं. “पाणी तर उत्तम आहे,” तो म्हणाला. “याला फेस येत नाही. म्हणजे माणसानंच जास्त भरलं.”

“साहेब, हे पानी कालचं हाये,” पार्बताबाई पुढे होऊन म्हणाली. “फेस धुऊन टाकला यायनं.”

साहेबाला तिची भाषा कळत नव्हती, आणि दुभाष्या खुशालरावांचाच होता. त्यानं सांगितलं, बाई पोटासाठी रडते आहे. साहेबानं मान हलवली आणि दोष सूर्यभानचा, असं कागदावर लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी पार्बताबाईनं नवऱ्याला गाडीत घातलं आणि दोघं दर्यापूरच्या वाटेला लागली.

मी अजून इथेच उभी आहे. आत पुन्हा आवारातल्या विहिरीचं खारं पाणी आहे. खुशालरावांची मला कीव येत नाही, किळस येते. पण आता माझी स्वतःचीही येते. तुम्ही कुठे माझ्यासारखी भरलेली नळी पाहाल, तर तिच्यावरून कोणाचा निकाल लावू नका. ती कोणी भरली आणि कधी भरली, ते आधी विचारा. मी उभ्या आयुष्यात एकाच दिवशी नितळ दिसले, आणि त्या दिवशी एका भाजलेल्या माणसाविरुद्ध माझी साक्ष खरी धरली गेली.