पाठीवरचा गणपती

मी कपाट उघडलं. आईने माझ्याकडे सांभाळायला दिलेला बाहुल्यांचा पत्र्याचा डबा जागेवर होता, पण उचलला तर हलका. आत कसर लागू नये म्हणून ठेवलेला कडुनिंबाचा पाला तेवढा उरला होता.

दुपारच्या एसटीने आई चिखलीहून वडनेरला माझ्याकडे येणार होती. संध्याकाळी माझी धाकटी बहीण डिंपल नवऱ्याला घेऊन येणार होती. तिच्या लग्नानंतर मायलेकी पहिल्यांदाच भेटणार आणि आई डिंपलची बाहुली स्वतः तिच्या हातात ठेवणार, असं ठरलं होतं.

घरातल्या प्रत्येक लग्नाच्या पत्रिकेतून आई एक कागदी नवरी कापायची. पत्रिकेवरचा गणपती मात्र शाबूत ठेवायची. तो नवरीच्या पाठीवर येईल असाच कागद दुमडायची. "देव असला की कोनी कचऱ्यात टाकत नाही," असं तिचं म्हणणं. आता तिचे हात थरथरतात, कात्री धरवत नाही. गेलेली बाहुली पुन्हा होणार नव्हती.

"आत्याबाई कुठी गेल्या?" मी माझ्या नवऱ्याला, गोपालला सासूबाईंबद्दल विचारलं.

"नदीवर. पाव्हणे येनार म्हनून घर आवरलं तिनं. देवाचे जुने फोटो, कॅलेंडरं सोडाले गेली."

मग सगळं लक्षात आलं. सासूबाईंनी बाहुल्या उलटून पाहिल्या असणार. देवाचा कागद त्या पाण्यातच सोडतात. आईची युक्तीच आमच्या मुळावर आली होती.

मी अनवाणीच पळत सुटले. वाटभर स्वतःला शिव्या घातल्या. डब्याला कुलूप लावलं असतं तर काय हात झिजले असते? आता आईला काय तोंड दाखवू? डिंपलने धम्मरत्नशी लग्न ठरवलं तेव्हा त्याच्याकडची निळी पत्रिका आली, कोपऱ्यात पिंपळाचं पान. बाबांनी ती भिरकावली. "जिच्यावर गणपती नाही, त्या लग्नाले आपल्या घरचं कोनी जानार नाही." आई लग्नाला गेली नाही. पण ती पत्रिका उचलून, बाबांच्या चोरून तिने डिंपलचीही नवरी कापली. बाबा जाऊन वर्ष झालं. लेकीला दाखवायला आईजवळ तेवढंच होतं.

सासूबाई पाण्यात हात जोडून उभ्या होत्या. एक कॅलेंडर दूर वाहत चाललं होतं.

"आत्याबाई, बाहुल्या?"

"सोडल्या न बाई. मांगं गणपती होता त्याह्यच्या. पायाखाली आला असता."

"मले विचारलं काऊन नाही?" त्यांच्यावर मी कधी आवाज चढवला नव्हता, आज चढला. मला रडू येत होतं आणि रागही.

त्या गांगरल्या. हातातली पिशवी पुढे करत म्हणाल्या, "एक हाय यात. निळी. तिच्यावर देव नोहता, मंग कायले सोडू? चुलीत घालनार होती."

पिशवीच्या तळाशी डिंपलची नवरी होती. कोरडी. मी तिथेच काठावर बसले.

तेवढ्यात आईचा फोन आला. "काजल, खामगाव सुटलं. डबा काढून ठेवला का वं?"

"बाकीच्या नदीत गेल्या, आई. माहीबी गेली. डिंपलची तेवढी राह्यली."

बसच्या घरघरीतून आईने विचारलं,

"तेच कशी राह्यली?"

"तिच्या पाठीवर गणपती नोहता न."

"हे ऐकाले," आई म्हणाली, "तुहे बाबा पायजे होते."